दात बघून घेतलेली मोटारसायकल

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू घाईनं घेतली नाही आणि एकदा घेतलेली वस्तू कधी परत केली नाही. यात आमची थोरली बहीणही आली. दाजी म्हणजे तिचे यजमान. तिला बघायला ते चार वेळा आले. पहिल्या खेपेला त्यांनी तिचं नाव विचारलं. दुसऱ्या खेपेला आमच्या विहिरीचं पाणी चाखून बघितलं. तिसऱ्या खेपेला वडिलांशी उसाच्या बेण्यावर बोलले, जेवले आणि काहीच न सांगता निघून गेले. चौथ्या खेपेला आले तेव्हा आईनं चहाच ठेवला नाही. अक्का स्वतः दारात येऊन म्हणाली, "न्यायची असंल तर न्या, न्हाईतर दार सोडा. मला कालवडीला पाणी दावायचंय." दाजींनी तिथल्या तिथं होकार दिला. पुढं कधीतरी मी त्यांना कारण विचारलं, तर म्हणाले, "ती कवा बोलतीया त्येचीच वाट बघत हुतो."

दाजींचं गाव रहिमतपूरपासून चालत तासाभरावर. उसाचं रान, विहीर, चार खणांचं घर आणि पुढं एक दगडी कट्टा. माणूस खाऊनपिऊन सुखी होता, त्यामुळं अडचणीपायी ते खरेदी लांबवत असं म्हणायला जागा नव्हती. त्यांना लांबवण्यातच गोडी होती. मी तेव्हा साताऱ्यात कचेरीत कारकून होतो. दाजी माझ्याकडं आले की एखाद्या दुकानात शिरत आणि त्या दुकानदाराचा अख्खा दिवस खाऊन बाहेर पडत. एकदा भिंतीवरचं घड्याळ घ्यायचं निघालं. दाजी सकाळी आठाला दुकानात जाऊन बसले. दर तासाचे ठोके ऐकायचे आणि मान हलवायची. दुपारी दुकानदार घरी जेवायला गेला, दाजींनी तिथंच भाकरी सोडली. बाराचे ठोके बिनचूक पडलेले ऐकून दुकानदाराला वाटलं, सुटलो. दिवेलागणीला दाजी उठले आणि म्हणाले, "बारा झ्याक वाजिवतंय. पर एकाला दमल्यागत करतंय." पुढच्या महिन्यात त्यांनी दुसऱ्या दुकानातून दुसरं घड्याळ घेतलं, तेही असंच दिवसभर ऐकून. ते अजून अक्काच्या घरी चालू आहे, हे मला नाइलाजानं सांगावं लागतं. छत्री घेताना त्यांनी दुकानाच्या माडीवरून घागरभर पाणी ओतायला लावलं होतं. छत्री गळली नाही. मी शेजारी उभा होतो. मला कुणी छत्री दिली नव्हती.

एरवी गावानं असल्या माणसाला खुळ्यात काढलं असतं, पण बैलबाजारात हाच गुण कामाला यायचा. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा झाला तर दाजींना बरोबर न्यायचं, असा रिवाजच पडला होता. दाजी आधी बैलाचे दात बघत, मग अंगावरचे भोवरे बघत, मग त्याला चालवून बघत. एवढं सगळेच करतात. दाजींची खरी परीक्षा त्यानंतरची. ते बैलाकडं पाठ करून खाली बसत, पानाची चंची सोडत आणि अर्धा तास मागं वळून म्हणून बघत नसत. "आपण बघत असलो की जनावर शान्यागत वागतंय," ते म्हणायचे. "पाठ केली की आपल्या सोबावावर येतं." मागं बैल फुरफुरला, खूर आपटला, दाव्याला हिसका दिला, की त्या आवाजावरून त्यांना त्याची खोड कळायची. मग सौदा. आमच्याकडं बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी त्या दोघांवाचून कुणाला काही कळत नाही. दाजींचा चेहरा तर असा, की उपरण्याखाली सौदा चाललाय की कुणी त्यांचा हात चेपून देतंय, हेही सांगता येऊ नये.

हे सगळं असं मजेत चाललं होतं, तोवर लढाई संपली आणि दाजींचा धाकटा भाऊ सोपान घरी आला. तो लष्करात फिटर होता. ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठल्याशा वर्कशॉपात चार वर्षं काढून आला. हातपाय धड होते, अंगावर ओरखडा नव्हता. येताना हत्यारांची एक लोखंडी ट्रंक घेऊन आला, ती त्यानं खाटेखाली सरकवली आणि तिचं कुलूप काढलं नाही. स्वतः जाऊन मोटेचं पाणी पडतं त्या विहिरीवरच्या थारोळ्याच्या कडेला बसला, तो बसलाच. विचारलं तर "व्हय" म्हणायचा, नाहीतर "न्हाई" म्हणायचा. पुढं काही नाही. मोटेवर पाठवला तर मधेच कासरा सोडून कडेला येऊन बसे, आणि बैल बिचारे धावेच्या उतारावर उभे राहात. गावातल्या कुणी देवऋषी सुचवला, कुणी लग्न सुचवलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला पुढून मागून ठोकून बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, शरीरात काही नाही, याला आवडीचं काम द्या. दाजींनी यातलं काही धुडकावलं नाही आणि काही ऐकलंही नाही. ते रोज दुपारी थारोळ्यापाशी जायचे आणि सोपानकडं पाठ करून बसायचे. अक्का मला म्हणाली, "दोघं भाऊ पाठीला पाठ लावून बसत्यात. बघनाऱ्याला वाटंल, यातला कंचा तरी इकायला काढलाय."

माझी सासुरवाडी सांगलीची. तिथं बायकोच्या माहेरी गेलो असताना स्टेशनाच्या वाटेवर भंगाराची एक वखार दिसली. लष्करानं मोडीत काढलेला माल लिलावात घेऊन मालक तिथं विकत होता. पत्रे, पिंपं, टायर, आणि त्यातच दोन मोटारसायकली. मी परत आल्यावर हे दाजींच्या कानावर घातलं. म्हटलं, सोपान फिटर आहे, मोडकी गाडी आणून त्याच्यापुढं टाकू, करेल नीट. मला वाटलं, दाजी खूश होतील. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "बैल आणला आन तो बसका निघाला, तर बाजारात परत इकता येतो. ही मोटारसायकल आणली आन सोपानाला जमली न्हाई, तर? त्येला जगात येनारं ह्ये एकच काम हाय. त्येबी हातात आल्यावर जमलं न्हाई म्हंजे मग त्यो मानूस कुटं जाईल?"

त्या दिवसापासून मी दाजींच्या लांबणीला हसायचं जरा कमी केलं. पुढं काय काय बघावं लागणार आहे हे ठाऊक असतं, तर इतक्यात कमी केलं नसतं.

त्या हिवाळ्यात आम्ही चार वेळा सांगलीला गेलो. रहिमतपूरला गाडीत बसायचं, मिरजेला उतरायचं आणि दुसरी गाडी धरून सांगली गाठायची. मला न्यायचं कारण मला इंग्रजी वाचता येत होतं. पहिल्या दिवशी दाजी स्टेशनावर आले ते खांद्यावर नवंकोरं दावं टाकून. आमच्याकडं जनावर विकणारा आपलं दावं सोडून ठेवून घेतो. नेणाऱ्यानं स्वतःचं आणायचं असतं. मी म्हटलं, दाजी, मोटारसायकलीला दावं लागत नाही. ते म्हणाले, "लागलं तर?" गाडीत समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं चौकशी केली, कुठल्या बाजाराला? दाजींनी सांगितलं, मोटारसायकल घ्यायला. म्हाताऱ्यानं दाव्याकडं बघितलं, माझ्या कोटाकडं बघितलं आणि कराड येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

वखारीचे मालक अथणीकडचे. मराठी चांगलं बोलायचे, फक्त बोलण्यात मधूनमधून कानडी 'री' यायचा. त्यांनी आम्हाला लिंबाखाली उभी असलेली गाडी दाखवली. रंग उडालेला, दिवा फुटलेला, पण अंगानं धडधाकट. दाजी तिच्याभोवती दोनदा फिरले आणि मालकांना म्हणाले, "दात दावा."

"गाडीला दात कुठले री?"

दाजी खाली बसले. साखळी ज्या चाकावर बसते त्या चाकाच्या दात्यांवरून त्यांनी एकेक करून बोट फिरवलं. "सहा दाती हाय," ते म्हणाले. "राबलीया, पर म्हातारी न्हाई." मालक हसले. पण आमच्या दुसऱ्या खेपेला आम्ही वखारीत शिरलो तेव्हा मालक एका गिऱ्हाइकाला सांगताना मी या कानांनी ऐकलं, "घेऊन जावा री, सहा दाती हाय."

इंजिनावर एक पितळी पट्टी होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरं. दाजींनी मला वाचायला सांगितली. मी धूळ पुसून मोठ्या रुबाबात वाचली. नंबर होता आणि वजन होतं.

"खोडी लिवल्यात का?"

"नाहीत."

"लिवायला पायजे व्हत्या," दाजी म्हणाले. त्यानंतर माझ्या इंग्रजीचा त्यांना फारसा उपयोग वाटला नाही.

टाकीच्या डाव्या अंगाला एक खोलगट पोचा होता. त्यावर दाजींनी अंगठा ठेवून मालकांना विचारलं, ह्यो भोवरा कशाचा. मालक म्हणाले, लॉरीतून उतरवताना पडली. "मग मुठीला बी लागायला पायजे हुतं," दाजी म्हणाले आणि मुठीवर कुठं खरचटलंय का ते बघण्यात दुपार गेली. शेवटी मला ज्याची धास्ती होती ते झालं. दाजी मोटारसायकलीकडं पाठ करून जमिनीवर बसले आणि त्यांनी चंची सोडली. वखारीतले हमाल हातातलं काम टाकून बघायला आले. मी एका पिंपामागं जाऊन उभा राहिलो. अर्ध्या तासानं दाजी उठले, धोतर झटकलं आणि बाहेर पडले. वाटेत मी विचारलं, काय कळलं?

"गप हाय," ते म्हणाले. "पर गप असन्याचं बी परकार असत्यात."

दुसरी आणि तिसरी खेप याच वळणावर गेली. तिसऱ्या खेपेला दाजींनी गाडी आठ दिवस औताला लावून बघायला मागितली. मालकांनी हात जोडले. घरी अक्का म्हणाली, "ती मोटारसायकल ऱ्हाऊ द्या, त्या वखारवाल्यालाच घरला आना. तेवढीच तुमची खेप वाचंल." पण नंतर चुलीपुढं बसल्यावर ती मला हळूच म्हणाली, "बाबा, त्यांस्नी घाई करू नगंस. भाऊजी काल दिवसभरात येकदाबी व्हय म्हनालं न्हाईत. नुसती मान हालीवली." अक्काचा असा हळवा आवाज मी फारसा ऐकला नव्हता.

चौथ्या खेपेला मालकांनी आम्हाला दारातच अडवलं. कवठे महांकाळचा एक कंत्राटदार लिंबाखालच्या गाडीवर डोळा ठेवून होता आणि दुपारच्या गाडीनं तो येणार होता. मालक म्हणाले, "आज हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा री. मी माणूस आहे." मलाही तेच म्हणायचं होतं. दाजी सरळ आत गेले. लिंबाखालच्या गाडीपाशी थांबले, तिच्या सीटवर थाप दिली, आणि तिला ओलांडून वखारीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात गेले.

तिथं दुसरी मोटारसायकल होती. खरं तर होती असं म्हणणं धाडसाचं आहे. एक वाकलेला सांगाडा भिंतीला टेकून उभा होता, त्याला पुढचं चाक नव्हतं. बाकीची मोटारसायकल तीन पोत्यांत भरलेली होती. दाजींनी एक पोतं जमिनीवर उलटं केलं. गंजलेल्या लोखंडाचा ढीग पडला.

"ह्यात समदं हाय का?" त्यांनी विचारलं.

मालक मनानं सरळ होते. "नाही री," ते म्हणाले. "दोन गाड्यांचं मिळून आहे हे. काय आहे, काय नाही, मला ठाऊक नाही. ही चालायची नाही, मीच सांगतो. लिंबाखालची घ्या, पंधरा दिवसांत पळेल."

"आन हिला? फिटर हुशार असंल तर?"

"हुशार असला तरी वर्ष खाईल. दीड खाईल."

दाजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हात पुढं केला. मी म्हटलं, दाजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मालकांनी एकदा दाजींकडं, एकदा पोत्यांकडं बघितलं. अथणीचा माणूस, त्यालाही बैलबाजार नवा नव्हता. त्यानं उपरण्याखाली हात घातला. काय ठरलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दाजींनी आणलेलं दावं अखेर उपयोगी पडलं. त्यानं तिन्ही पोती सांगाड्याला बांधली.

रहिमतपूर स्टेशनापासून बैलगाडीतून हा ऐवज गावात आला तेव्हा वेशीपासून माणसं जमली. बैलाच्या बाबतीत ज्यानं कधी मात खाल्ली नाही, त्या दाजींना सांगलीकरानं भंगार गळ्यात मारलं, ही बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. एका म्हाताऱ्यानं गाडी थांबवून सरळ विचारलं, "फसलास न्हवं?" दाजी म्हणाले, "व्हय, फसलो." त्यांनी हे इतक्या सहज कबूल केलं की पुढं टिंगल करायला काही उरलं नाही. पण त्या वर्षी बैलबाजाराला त्यांना बोलवायला कुणी आलं नाही. मी त्यांच्यावर इतका रागावलो होतो की जेवायलाही न थांबता साताऱ्याला परतलो.

पुढचं अक्काकडून कळलं. दाजींनी ती पोती थारोळ्यापासून हाकेच्या अंतरावर अंगणात ओतली आणि त्या ढिगाकडं आणि सोपानकडं पाठ करून ते कट्ट्यावर बसले. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मागं लोखंडावर लोखंड वाजलं. दाजींनी मान वळवली नाही. बऱ्याच वेळानं सोपान मागून म्हणाला, "दादा, तुला फसीवलंय."

"आसं?" दाजी समोर बघत म्हणाले. "कशावरनं?"

"ह्ये एका गाडीचं न्हाईच. पिस्टन एकीचा हाय, शिलिंडर दुसरीचा. बसनार कसा?"

"मला काय ठावं? लोखंड म्हंजे लोखंड."

"तसं नसतं दादा," सोपान म्हणाला आणि कट्ट्यावर येऊन बसला. मग तो बोलायला लागला. पिस्टन म्हणजे काय, सिलिंडर म्हणजे काय, कशात काय बसतं, असं तो दिवस कलेपर्यंत बोलत होता. दाजी मधून मधून एखादा अडाणी प्रश्न विचारत होते. अक्का म्हणाली, चौदा महिन्यांत घरात जेवढे शब्द झाले नव्हते तेवढे त्या एका दुपारी झाले. "मी दाराआड हुबी ऱ्हाऊन रडले," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ट्रंकेचं कुलूप निघालं.

हे ऐकून मी पुढच्या सुट्टीत गेलो. दाजींना एकटं गाठून म्हटलं, ठीक आहे, पण चांगली गाडी आणली असती तर तोही लवकर मार्गाला लागला असता. दाजी म्हणाले, "ती पंधरा दिसांत पळाली असती पाव्हणं. मग सोळाव्या दिशी त्यो कुटं बसला असता?"

सांगलीच्या चार खेपा ते लिंबाखालची गाडी पारखत होते असं मी समजत होतो.

मालक म्हणाले होते तसं दीड वर्ष लागलं. सोपान सुटे भाग शोधायला स्वतः सांगलीला जाऊ लागला. न जमणारा भाग कानशीनं घासून जमवू लागला. मधे कुणाच्या उसाच्या रानातलं तेलाचं इंजिन बंद पडलं, ते त्यानं चालू केलं, मग दुसऱ्याचं. अंगणात माणसांची ये-जा सुरू झाली. त्या वखारीच्या मालकांनी तर निरोप धाडला, की सांगलीत इंजिनं दुरुस्त करायचं दुकान काढतोय, हा माणूस मला द्या री. सोपान म्हणाला, मोटारसायकल झाली की तिच्यावरच बसून जाईन. घरात सगळ्यांना आनंद झाला. दाजींनाही झाला असं ते म्हणाले.

आणि गाडी पुरी होत आली असताना एक स्प्रिंग हरवली. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागातली, बोटाच्या पेराएवढी. तिच्यावाचून गाडी सुरू होईना आणि तसली दुसरी सांगलीत मिळेना. सगळं घर शोधाला लागलं. अक्कानं अंगणातली माती चाळणीनं चाळली. दाजी तर सगळ्यांच्या पुढं. गवताची गंज उलथून बघितली, कोंबड्यांचं खुराडं बघितलं, शेजाऱ्याच्या घरात शिरून बघितलं. स्प्रिंग सापडली नाही. चार महिने गेले. सोपान रोज सकाळी गाडी पुसायचा, लोकांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि स्प्रिंगचं नाव काढायचा नाही.

त्या दिवशी मी तिथं होतो. सकाळची वेळ, दाजी नेहमीसारखे अंगणाकडं पाठ करून कट्ट्यावर बसलेले. सोपान आला आणि त्यांच्या शेजारी बसला. त्यानं दाजींच्या खांद्यावरचं उपरणं काढून घेतलं, दोघांच्या मधे पसरलं आणि त्याखाली हात घातला. दाजी बराच वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांनीही हात घातला. उपरणं हलत होतं. एकदा सोपाननं मान हलवून नाही म्हटलं, एकदा दाजींनी. मी समोर उभा होतो, अक्का दारात होती. दाजींच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. शेवटी सोपाननं हात बाहेर काढला. त्याची मूठ मिटलेली होती. तो उठून गाडीपाशी गेला, आणि पाव तासात अख्ख्या गावातली कुत्री भुंकायला लागली. मोटारसायकल चालू झाली होती. दाजी उठले नाहीत आणि त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

सोपान तिच्यावर बसून सांगलीला निघाला, तेव्हा वेशीपर्यंत मी बरोबर चालत गेलो. म्हटलं, स्प्रिंग दाजींकडंच आहे हे तुला कधी कळलं रे?

"पयल्याच दिशी," तो म्हणाला. "दादानं उभ्या जल्मात कवा काय इतक्या झटक्यात हुडकलंय व्हय?"

"मग चार महिने गप्प का राहिलास?"

"त्येलाबी येळ पायजे व्हता," सोपान म्हणाला आणि त्यानं गाडी पुढं काढली.

उपरण्याखाली त्या दोघांत काय ठरलं ते मी विचारलं नाही, विचारायचं नसतंच. पण पुढच्या आठव्या दिवशी सोपान गावी आला. नंतरच्या आठव्या दिवशीही आला. पाऊस असो, सुगी असो, सांगलीत काम तुंबलेलं असो, आठवा दिवस चुकला नाही. दाजी त्या दिवशी दुपारपासून रस्त्याकडं पाठ करून कट्ट्यावर बसायचे. लांबून फटफट ऐकू आली की चंची गुंडाळायचे. एकदा मी शेजारी होतो. ते कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "बरा हाय." मी विचारलं, आवाज का? दाजी म्हणाले, "गाडीचं कोन इचारतंय."

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सोपानचेही केस पिकले. दाजी गेले त्या वर्षी अक्का त्याला म्हणाली होती, "भाऊजी, आता दर येळंला आला न्हाईसा तरी चालंल. एवढ्या लांबनं दगदग हुती." तो म्हणाला, "वैनी, सौदा झालाय माझा." तो अजून आठव्या दिवशी येतो. अंगणात आल्यावर तो गाडी लगेच बंद करत नाही. कट्ट्याच्या मागं ती थोडा वेळ तशीच चालू ठेवतो, मग उतरून आत जातो.